नाकापासून ओठापर्यंतच्या दोन रेघा

वडील आपल्याबरोबर जेवायला का बसत नाहीत, हा प्रश्न ताईने वडील सोडून बाकी सगळ्यांना विचारला. यात तिला काही वावगं वाटलं नाही. त्या घरात वडिलांना काही विचारायचं तर ते आईमार्फत, अशी पहिल्यापासून पद्धत होती. सहलीची परवानगी, कॉलेजची निवड, पुढे घटस्फोट, सगळे अर्ज आईकडे द्यायचे. आई योग्य वेळ पाहून ते आत न्यायची आणि निकाल बाहेर आणायची. आईला जाऊन अकरा महिने झाले होते आणि तेव्हापासून ते कार्यालय बंद होतं. वडील आपलं ताट उचलून खोलीत जायचे आणि दार लोटून घ्यायचे. टेबलाशी ताई काही बोलली तर निम्म्या वेळा मानसुद्धा वर करायचे नाहीत. एकदा तिने बसण्याचा आग्रह केला, तेव्हा त्यांनी पेपरची घडी घातली आणि तिच्याकडे न बघता उठून गेले. त्या दिवशी एकटीने जेवताना ताईने पाण्याचा पेला असा आदळला की खालच्या मजल्यावरच्या काकू विचारायला वर आल्या.

धाकटा भाऊ दर रविवारी व्हिडिओवर भेटायचा. तो दूर राहत असल्यामुळे त्याला या घरातलं सगळं अगदी स्पष्ट दिसायचं. त्यानेच निदान केलं.

"ताई, तू हल्ली डिट्टो आई दिसतेस. त्या नाकापासून ओठापर्यंतच्या रेघा बघ ना. बाबांना तुझ्याकडे बघवत नसेल गं."

एवढं बोलून तो कुत्र्याला फिरवायला गेला. माणसाच्या तोंडावर असलं काही टाकून कुत्र्याला फिरवायला कसं जाता येतं, याचा ताईने पुढे चार दिवस विचार केला.

ती बाथरूमच्या आरशासमोर उभी राहिली. रेघा होत्या. नाकपुड्यांच्या बाजूने निघून तोंडाच्या कोपऱ्यांपर्यंत, कोणीतरी कंसात तोंड घातल्यासारख्या. आईच्या अंगठ्या धाकट्याच्या बायकोला गेल्या, शिलाई मशीन मावशीने नेलं, आणि आजारपणात वर्षभर उशाशी बसलेल्या आपल्या वाट्याला काय आलं तर हे. वर पुन्हा त्याच वारशामुळे बाप तोंड फिरवतो. ताईच्या डोक्यात अशी तिडीक गेली की तिने तिथल्या तिथे ठरवलं, या रेघा बुजवायच्या.

आता ताई काही उठून सुई टोचून घेणाऱ्यांतली नव्हती. विमा कंपनीच्या दावे विभागात तिची सव्वीस वर्षं गेली होती. लोक कागदाचा जो भाग वाचत नाहीत, तो वाचण्याचा तिला पगार मिळत असे, आणि या गुणामुळे ऑफिसात तिला तिच्या पाठीमागे तळटीप म्हणत. ते तिला ठाऊक होतं. तिने त्याबद्दल कोणाला कधी माफ केलेलं नव्हतं.

ती आधी घरच्या डॉक्टरांकडे गेली. त्यांनी सांगितलं ते असं. फिलर म्हणजे एक प्रकारची जेली. तसला पदार्थ आपल्या कातडीत असतोच, वयाबरोबर कमी होतो. तो सुईने आत भरला की खड्डा वर येतो. नऊ महिने ते दीड वर्ष टिकतो, मग विरघळतो. पसंत पडला नाही तर दुसरं इंजेक्शन देऊन आधीही विरघळवता येतो. सूज येते, काळंनिळं होतं, कधी गाठी राहतात, कधी जंतू शिरतात. आणि अगदी दुर्मिळ म्हणजे जेली चुकून रक्तवाहिनीत गेली तर तिथली कातडी मरते, क्वचित डोळाही जातो.

"दुर्मिळ म्हणजे किती?" ताईने विचारलं.

"अगं, दुर्मिळ म्हणजे दुर्मिळ."

ताईच्या टेबलावर दर मंगळवारी दुर्मिळ गोष्टींचा असा गठ्ठा येत असे की तो उचलायला दोन हात लागत.  घरी येऊन तिने एका कागदावर मधोमध उभी रेघ ओढली. डावीकडे फायदे, उजवीकडे धोके. उजवी बाजू सुवाच्य अक्षरात दीड पान भरली. डावीकडे तिने एकच वाक्य लिहिलं: बाबा टेबलावर जेवतील. मग बराच वेळ ती त्या कागदाकडे रागाने बघत बसली, कारण ऑफिसात अशी फाइल तिच्यापुढे आली असती तर तिने ती दोन मिनिटांत फेटाळली असती.

दरम्यान आपला चेहरा ही इमारतीची सामायिक मालमत्ता आहे, हे तिच्या लक्षात आलं. ती आरशात फार बघते हे काकूंनी जिन्यातल्या जिन्यात ओळखलं. फिलरबद्दल ताईने चकार शब्द काढला नव्हता. पण गाल बसलेत, एवढंच काकूंना दोन आठवडे पुरलं. त्यांनी गाल फुगवून दहा मिनिटं बसायचा व्यायाम सांगितला. उशी बदलायला सांगितली. शोक माणसाच्या रक्तात साठतो आणि गाल आतून ओढून घेतो, असं त्यांनी कुठेतरी वाचलं होतं, आणि त्यावर लसणीच्या तेलाच्या कॅप्सूल हा उपाय होता. त्यांनी मोठी बाटली आणून दिली, आणि रोज दोन पोटात गेल्याची त्या जिन्यात उभं राहून खातरजमा करत. ताई निमूट घेत राहिली. माणसं मेलेल्याच्या घरी काहीतरी आणून देतात आणि आपण ते गिळायचं असतं, हे तिने अकरा महिन्यांत शिकून घेतलं होतं.

पहिलं क्लिनिक एका दुकानाच्या वर होतं. आत सगळं पांढरं आणि सगळे कुजबुजत होते. गुळगुळीत कपाळाच्या एका मुलीने तिला सांगितलं की हे जेवणाच्या सुट्टीत होऊन जातं, आणि सही करायला चार पानांचं संमतिपत्र पुढे केलं. ताईने पिशवीतून चष्मा काढला. मुलीला वाटलं, सहीसाठी. ताईने पहिल्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली.

पाऊण तासाने आतून व्यवस्थापक आला. तोवर ताई तिसऱ्या पानावर होती. कलम सहामधले दुष्परिणाम आणि कलम अकरामधले दुष्परिणाम जुळत नाहीत, हे तिने त्याला दाखवलं. कलम चौदाप्रमाणे परिणाम आवडला नाही तर दोष ग्राहकाच्या अपेक्षांचा. त्या कलमाशेजारी तिने लाल पेनने प्रश्नचिन्ह काढलं होतं. जेलीचा खोका आणि त्यावरचा बॅच क्रमांक बघायला मिळेल का, असं तिने विचारलं. रक्तवाहिनीत गेली तर ती विरघळवायचं औषध इथे, आत्ता, फ्रिजमध्ये आहे का, असंही विचारलं. व्यवस्थापक म्हणाला, मॅडम, आजवर हे कोणी विचारलं नाही. आणि सुई कोण टोचणार, यावर त्याने ज्या बाईकडे बोट केलं, तिने डॉक्टर नसून अनुभवी असल्याचं हसून मान्य केलं.

"तुम्हाला विश्वासच ठेवायचा नसेल तर कसं होणार?" व्यवस्थापक म्हणाला.

विश्वास. हॉस्पिटलातल्या शेवटच्या आठवड्यात हाच शब्द तिला तीन वेगवेगळ्या लोकांनी सांगितला होता आणि तिने तेव्हा न वाचता सह्या केल्या होत्या, सव्वीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा. ताईने दुरुस्त केलेलं संमतिपत्र त्याच्या हातात ठेवलं, ते टंकून घ्या म्हणाली आणि जिना उतरली. खाली फुटपाथवर पोचल्यावर तिला कळलं की आपण वाचायचा चष्मा अजून उतरवलेला नाही आणि लाल पेनही उघडंच हातात आहे. ते अर्थात रागाने.

दुसरी मात्र खरी त्वचारोगतज्ज्ञ होती. तुसडी बाई. भिंतीवर पदवी, फ्रिजमध्ये औषध, कागदातली कलमं जुळणारी. ताईला ती लगेच आवडली. डॉक्टरीणबाईंनी तिचा चेहरा दिव्याखाली धरून सरळ सांगितलं की रेघा कमी दिसतील, जाणार नाहीत. आणि हे नक्की कोणासाठी करताय, असं विचारलं. ताई म्हणाली, स्वतःसाठी. डॉक्टरीणबाईंनी ते लिहून घेतलं; त्या कागदावर हे पहिलं खोटं. मग डॉक्टरीणबाईंनी विचारलं, रक्त पातळ करणारं काही घेता का, गोळ्या, कॅप्सूल, घरगुती औषधं? ताई म्हणाली, नाही. लसणीच्या कॅप्सूल तिच्या हिशेबी औषधात नव्हत्या, त्या काकूंत मोडत होत्या. अर्जात माहिती दडवली म्हणून जिने शेकडो लोकांचे दावे नामंजूर केले, तिने सही केली आणि मान मागे टेकवली.

डावी बाजू झाली. उजवीकडे वळण्याआधी डॉक्टरीणबाई थांबल्या. डाव्या गालावर निळं फूल उमलत होतं. त्यांनी बोटाने दाबून रंग परत येतो का ते बघितलं, पुन्हा दाबलं, घड्याळ लावून पाच मिनिटं बघितलं. रक्तवाहिनीला काही झालेलं नाही, नुसतं रक्त पसरलंय, म्हणाल्या. मग पुन्हा विचारलं, नक्की काही घेत नाही? ताईने लसणीची कबुली दिली. डॉक्टरीणबाईंनी सुई ट्रेमध्ये ठेवली, उजवी बाजू सूज उतरल्यावर, म्हणाल्या, आणि तिच्याकडे अशा नजरेने बघितलं जी ताई स्वतः दावेदारांसाठी राखून ठेवत असे.

असा डावा गाल जांभळा, फुगलेला आणि बिनरेघेचा, आणि उजवा गाल जसाच्या तसा, अशी ताई दुसऱ्या दिवशी ऑफिसला गेली. अर्धी आई आणि अर्धी कोणीच नाही. रजा घेता आली असती. पण अकरा महिन्यांपूर्वी संपलेली रजा अजून भरून निघाली नव्हती.

दारातल्या हजेरीच्या यंत्राने तिला ओळखलं नाही. चेहरा चौकटीत आणा, असं ते म्हणालं. तिने आणला. पुन्हा आणा, म्हणालं. मागे रांग लागली. सव्वीस वर्षं ज्या दारातून ती वेळेआधी दहा मिनिटं आत गेली, त्या दाराला तिने शेवटी आपला उजवा गाल दाखवून बघितला, मग डावा, आणि रांगेतलं कोणीतरी हसलं. कर्मचारी विभागाने एक फॉर्म दिला. चेहऱ्यात बदल झाल्याची सूचना. कारण: अपघात, शस्त्रक्रिया, इतर. ताईने 'इतर'वर खूण केली आणि तपशिलाच्या जागी लिहिलं: खासगी.

आयुष्यभर दुसऱ्यांच्या फॉर्मवर 'खासगी' हा शब्द दिसला की ती फाइल बाजूला काढत आली होती. तिचीही बाजूला काढली गेली. अकरा वाजता तिला छोट्या मीटिंगच्या खोलीत बोलावलं. तिथे महिला समितीच्या तीन बाया बसल्या होत्या आणि टेबलावर टिश्यू पेपरचा खोका होता. त्या म्हणाल्या, आम्ही तुझ्या बाजूने आहोत. ताई म्हणाली, मला कोणी मारलेलं नाही. त्यांनी एकमेकींकडे बघितलं. घरी कोण कोण असतं, असं एकीने अतिशय हळू आवाजात विचारलं. वडील, ताई म्हणाली, वय ब्याऐंशी. खोका तिच्याकडे सरकवण्यात आला. ती जितकी नाही म्हणाली तितका त्यांचा चेहरा मऊ होत गेला. खरं सांगून टाकावं तर तळटीपबाईंनी गालात जेली भरली, हे दुपारच्या जेवणापर्यंत चारही मजल्यांवर पोचलं असतं. आणि त्यापेक्षा मार खाल्लेला परवडला, असा विचार एक क्षण मनात आला म्हणून ताई स्वतःवर इतकी भडकली की दार आपटून बाहेर पडली. त्याचीही नोंद झाली असणार.

इकडे घरी काकू गप्प नव्हत्या. सकाळी जिन्यात त्यांना तो गाल दिसला होता. त्यांनी सोसायटीच्या चेअरमनना सांगितलं. चेअरमन हा माणूस गेली सहा वर्षं पार्किंगच्या वादांवर जगत होता, त्याला असलं गंभीर काम कधी मिळालं नव्हतं. तो दुपारीच शर्ट बदलून वर गेला.

ताई संध्याकाळी दार उघडून आत आली तेव्हा वडील जेवणाच्या टेबलाशी बसले होते. समोर ताट नाही, पेपर नाही. हात टेबलावर.

"बस," ते म्हणाले.

अकरा महिन्यांत त्यांनी तिच्याशी आपण होऊन बोललेला हा पहिला शब्द. ती आपल्या नेहमीच्या खुर्चीवर बसली.

"चेअरमन येऊन गेला. मी तुला मारतो म्हणाला." त्यांनी जरा श्वास घेतला. "मी विचारलं, कधी मारलं. तर म्हणाला, ते तुम्हीच सांगायचं."

"मी बघते त्याच्याकडे."

"त्याला चहा दिला मी. तोंडाला काय केलंस ते सांग."

ताईने शांतपणे सांगायला सुरुवात केली. जेली, सुई, लसूण, सगळं क्रमाने. पण शेवटाला पोचताना तिचा आवाज तिच्या हातातून सुटला. तुम्हाला माझ्याकडे बघवत नाही म्हणून केलं, ती म्हणाली. मी आईसारखी दिसते ही काय माझी चूक आहे का? मलाही आरशात तीच दिसते रोज सकाळी, मी काय आरसा घेऊन दुसऱ्या खोलीत जाऊन बसते? ती माझीही आई होती. हे सगळं ती बऱ्याच मोठ्याने म्हणाली, आणि खाली काकूंनी टीव्हीचा आवाज बंद केल्याचं दोघांनाही जाणवलं.

वडिलांनी मान पूर्ण वळवून तिच्या तोंडाकडे बघितलं. नकाशा बघावा तसं, आधी डावीकडून, मग उजवीकडून.

"तू आईसारखी दिसतेस हे कोणी सांगितलं?"

"धाकट्याने."

"तो गाढव आहे. तू तुझ्या आत्यासारखी दिसतेस. पहिल्यापासून."

आत्या घरात कोणालाच आवडायची नाही. ती लोकांच्या घरी येऊन फडताळं उघडून बघायची.  अकरा महिने तिने जो चेहरा रागाने का होईना पण आईचा म्हणून अंगावर वागवला, तो असा एका वाक्यात परत घेतला गेला, आणि तोही अर्धा जांभळा झाल्यावर.

"मग तुम्ही आत जाऊन का जेवता?"

 वडिलांनी हात तोंडाशी नेला, आधी खालची कवळी काढली, मग वरची, आणि दोन्ही टेबलावर ठेवल्या. त्यांचा चेहरा खालून निम्मा मिटला. घटस्फोटानंतर परत येऊन ताई सात वर्षं त्याच घरात राहत होती आणि तिला ते त्यांचे दात वाटत आले होते.

दात नसल्यामुळे शब्द सावकाश निघाले. आईचं आजारपण चाललं होतं तेव्हा त्यांचं वजन उतरलं, हिरड्या बसल्या. आता कवळी हलते आणि चावलं की टोचते. त्यामुळे काढूनच जेवावं लागतं. "तुझ्यासमोर असं कसं जेवू?"

"आणि आईसमोर?"

"तिनेच तर बसवून आणली होती. नऊ वर्षं झाली. सगळं मऊ शिजवायची आणि तुम्हाला सांगायची, यांना असंच आवडतं."

आई गेल्यापासून ताई त्यांच्या प्रकृतीसाठी रोज कच्चं गाजर, कडक भाजलेला पाव आणि मूठभर बदाम ताटात वाढत होती. ते बदाम कुठे जात होते, हे विचारायचं तिला धाडस झालं नाही.

तिला राग आला तो आईचा. अकरा महिने तो आला नव्हता, म्हणजे डॉक्टरांचा, धाकट्याचा, शेजाऱ्यांचा, यंत्राचा आला, पण आईचा नाही. आमच्याकडे शिपाईसुद्धा निवृत्त होताना कपाटांच्या किल्ल्यांची यादी करून देतो, ती म्हणाली. कोणती कुठे लागते ते लिहून देतो. आणि ही बाई आख्खं घर एकटीच्या डोक्यात ठेवून निघून गेली. एक ओळ लिहून ठेवली नाही. मला म्हणाली काय, तर गॅसची नळी बदलून घे.

"मीच तिला सांगू नको म्हणालो होतो," वडील म्हणाले. बिनदातांचं ते वाक्य फार मवाळ निघालं.

"उद्या दातांच्या डॉक्टरकडे जायचं."

"बरं." मग थोड्या वेळाने, "उजवी बाजू करणार आहेस?"

"माहीत नाही."

"कर. असं निम्मं बरं दिसत नाही."

तिला हसू आलं आणि डावा गाल दुखला. तिने डोळे पुसले आणि टेबलावर दोन्ही कोपरं टेकली.

"आणखी काय काय आहे? जे तिला माहीत होतं आणि मला नाही. आत्ताच सांगा. सगळं."

वडिलांनी टेबलावरच्या कवळ्या जरा बाजूला सरकवल्या. 

"डाव्या कानाने मला ऐकू येत नाही," ते म्हणाले. "मोठ्याने बोललं तर येतं थोडं."

"कधीपासून?"

"तू कॉलेजात होतीस."

टेबलाची लांब बाजू भिंतीला लागलेली होती. वडील मधे बसायचे, भिंतीकडे तोंड करून. ताईची खुर्ची त्यांच्या डाव्या हाताला. ती या घरात परत आल्यापासून तिथेच बसत होती, तिथूनच बोलत होती, तिथूनच उत्तराची वाट बघत होती. उजव्या हाताची खुर्ची आईची. तिच्यावर इस्त्रीचे कपडे ठेवायचं आपोआपच सुरू झालं होतं, आणि ते कधी पूर्ण उचलले जाऊ नयेत याची दोघंही न बोलता काळजी घेत होती.

ताई उठली. वडिलांच्या पाठीमागून वळसा घालून पलीकडे गेली. कपड्यांचा गठ्ठा उचलून तिने जमिनीवर ठेवला आणि त्या खुर्चीवर बसली. खुर्ची तिला वाटली होती त्यापेक्षा बुटकी निघाली.

"हं," ती नेहमीच्या आवाजात म्हणाली. "पुढचं सांगा."

वडिलांनी ऐकलं, आणि ते सांगू लागले.